एकावन्नावा पॉइंट

आमच्या कोडोलीत न्यूट्रल माणूस दाखवा म्हणालात, तर ग्रामपंचायतीच्या इलेक्शनपुरता तरी एकही सापडायचा नाही. पण नुसतं ‘न्यूट्रल कुठं राहतो’ एवढंच विचारा. बाजारपेठेतलं कुठलंही पोर तुम्हाला आमच्या वायरमनच्या दारात आणून सोडेल. आयटीआयची दोन वर्षं संपवून, परवाना काढून गडी गावात उगवला आणि पहिल्याच आठवड्यात चार घरांचे बोर्ड उघडून चारी ठिकाणी एकच प्रश्न केला, “ह्याचा न्यूट्रल कुठाय?” चौथ्या घरातली आजी म्हणाली, “आत्ताच परड्याकडं गेलाय, बस जरा.” तेव्हापासून हे नाव पडलं, ते पडलंच.

ताजा ताजा वायरमन ओळखायला सोपा. तो माणसाच्या तोंडाकडं बघत नाही, छताकडं बघतो. शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. लग्नात तोच, मयताला तोच. थोरल्या भावासाठी मुलगी बघायला गेले, तर हा चहा येईपर्यंत मान वर करून बसलेला. पाहुण्यांना वाटलं, दीर लाजाळू दिसतोय. येताना गाडीत आईनं विचारलं, “कशी वाटली रं?”

“घर चांगलं हाय,” हा म्हणाला, “पण अर्थिंग न्हाई.”

सोयरीक जमली. साखरपुड्याच्या आधी ह्यानं व्याह्यांच्या परड्यात खड्डा काढून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून दिलं. आहेर म्हणून.

माझं कापडाचं दुकान. गेल्या वर्षी फॉल सीलिंग केलं आणि पन्नास पॅनल लाइट आणले, पंधरा-पंधरा वॅटचे. काम द्यायचं होतं आमच्या वस्तादांना. निम्म्या गावाचं वायरिंग त्यांच्या हातचं, लाकडी पट्टीच्या काळापासूनचं. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ नावाची सरकारी योजना आली होती. ती होती कॉम्प्युटरची, पण वस्तादांनी नाव ऐकून दोन पोरं हाताखाली ठेवून घेतली होती. सत्तर गावांचं वायरिंग म्हणजे काय चेष्टा! पण वस्तादांचा गुडघा आता शिडीला नाही म्हणतो. ते खुर्चीत बसून बघणार आणि न्यूट्रल वर चढणार, असं ठरलं.

पहिले दोन दिवस तो चढलाच नाही. फुलस्केप कागद, पट्टी, तीन रंगांची पेनं. वस्ताद म्हणाले, “साडेसातशे वॅट. साडेतीन अँपिअर बी न्हाई धड. घाल की एका एमसीबीवर. एवढ्यात माझं दुकान झालं असतं.”

“वॅट बसत्यात वस्ताद, पॉइंट बसत न्हाईत. एका सर्किटला आठशे वॅट न्हाईतर धा पॉइंट. आधी जे भरंल ते. आणि पन्नास एलईडी एका झटक्यात लावलं की त्यांचं ड्रायव्हर सुरू हुताना क्षणभर केवढा करंट वडत्यात! एमसीबी पडतीच.” मग माझ्याकडं वळून, मला कळावं म्हणून, “आण्णा, मंडपात पन्नास माणसं बसत्यात. पण पन्नास एकदम दारातनं शिरली तर चौकट निघंल का न्हाई?”

मला चौकट पटली. पाच सर्किटं झाली. दोन आर फेजवर, दोन वायवर, एक बीवर. ओळी आलटून पालटून, म्हणजे एक फेज गेला तरी दुकानाचा एक कोपरा अंधारात न जाता सगळीकडं थोडं थोडं कमी व्हावं. हे काही खोटं नाही, हुशारीचंच होतं. आणि काम धरल्यावर गडी भिंगरीसारखा फिरला. दोन स्टुलांवर पाइपाचा तुकडा आडवा टाकून त्यात तीन कॉइली ओवल्या. ओढली की वायर गर्रकन सरळ सुटते, पीळ पडत नाही. तीन वायरींची टोकं एकापुढं एक सोलली, स्प्रिंगच्या आकड्यात अडकवली, वर टेप. आणि पाइपात सुळकन सरकावी म्हणून हातावर आईची तोंडाला लावायची पावडर. त्या दिवशी दुकानाला लग्नघराचा वास होता. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी: आर-१, आर-२, वाय-१. शिडी एका जागी एकदाच लागली. वेळ हाताला लागत नाही, चढउतरीला लागतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. दोन दिवसांचा कागद एका दिवसात छतावर गेला. वस्ताद काही बोलले नाहीत, तंबाखू मात्र दोनदा मळली.

संध्याकाळी ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून त्यानं मेन वर केला. पन्नासच्या पन्नास लागले. मी नारळ शोधत होतो, तेवढ्यात वस्तादांनी खुर्चीतून विचारलं, “देवाचा बल्ब कुठं काढलास?”

गल्ल्यामागच्या गणपतीपुढं तांबडा बल्ब असतो. सगळ्या दुकानांत असतो. कागदावर नव्हता. वस्ताद कामाला हातच मुळी तिथून घालतात.

“त्यात काय, शेजारच्या लाइटातनं लूप मार,” मी म्हणालो.

“आण्णा, पाची सर्किटं भरल्यात. हा एकावन्नावा पॉइंट.”

अर्ध्या वॅटचा बल्ब! तरीही त्यासाठी बी फेजवरून सहावं सर्किट ओढलं गेलं. आज माझ्या दुकानात गणपतीला स्वतंत्र एमसीबी आहे. त्यावर चिठ्ठी आहे, ‘बी-२ देव’. गिऱ्हाइकं नमस्कार आत करतात की बोर्डाला, हे मी बघत नाही.

दिवाळीच्या तोंडावर, भर गर्दीत, एक फेज गेला. लाइट जाताना आनंद होणारा माणूस मी एकच पाहिला. फोन उचलल्याबरोबर म्हणाला, “आर गेला न्हवं? बघा की, दुकान चालू हाय का न्हाई! किती विझलं, मोजा.”

मी मोजले. “एकोणीस.”

पलीकडं शांतता. “वीस पायजेत.”

“अरं, एक जास्त जळतोय ते चांगलंच की!”

पंधरा मिनिटांत तो जेवणावरून उठून, उष्ट्या हातानंच आल्यासारखा दारात. शिडी लावली, गल्ल्यावरच्या लाइटाचं भोक उघडलं आणि आतून वस्तादांचा जोड निघाला, जुन्या पद्धतीचा, वर काळी टेप. म्हातारा शेवटी शिडी चढलाच होता तर. आर गेला तरी मालकाचा गल्ला उजेडात राहावा म्हणून, कुणाला न सांगता.

“फेज वायचा आणि न्यूट्रल आरचा!” न्यूट्रलचा आवाज कापत होता. “आर पाडून कुणी हिथं काम करायला लागलं, न्यूट्रल सोडवला, की ह्या लाइटातनं येऊन बसतोय हातात!”

त्याचं बरोबर होतं. वस्तादांचंही मला कळत होतं. त्यानं मेन पाडला, जोड सोडवला, लाइट परत आरवर नेला आणि चांगभलं म्हणून मेन वर केला. गल्ल्यावर अंधार.

“आता वीस,” तो म्हणाला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच हसला.

पुढ्यातल्या बाईंचे दोनशे साठ रुपये परत द्यायचे होते. मी नोटा उचलल्या आणि मागं वळून गणपतीच्या तांबड्या बल्बात मोजायला लागलो.