देशीकाका

प्रत्येक सोसायटीत एक असतोच. आमच्याकडचे बँकेतून निवृत्त झालेत. ज्या बारकाईने ते कर्जाचे अर्ज नाकारायचे, त्याच बारकाईने आता झाडं नाकारतात. गुलमोहर? मादागास्करचा. बोगनवेल? ब्राझीलची. सदाफुली? पुन्हा मादागास्कर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू घेऊन येणाऱ्याला जिन्यात गाठून 'मेक्सिको!' एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. कोकणच्या सहलीत सगळी मंडळी सुरूच्या बनात डबे उघडून बसली, तर हे बाहेर उन्हात. परक्याच्या सावलीत जेवणार नाहीत.

काकूंनी एकदाच तोंड उघडलं. आषाढी एकादशीला. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेतलीच. "तूप तेवढं आपलं आहे. नुसतं वाढू?" काकांनी खिचडी दोनदा घेतली, आणि त्या दिवसापासून तत्त्व फुलझाडांपुरतं ठेवलं.

त्याच कोकण-सहलीतून त्यांनी केळशीच्या वाळूतून वीतभर फांदी आणली होती. मर्यादवेल. पान जाडसर, टोकाशी मधोमध चिरलेलं, थेट आपट्याचं. खारं वारं, तापलेली वाळू, आठ महिने पाऊस नाही, तरी हिरवीगार. पेरापेराला मुळं फुटतात आणि उडणारी वाळू वेल धरून ठेवते. काकांना आपल्या स्वभावाचं झाड सापडलं. पार्किंगच्या भिंतीलगत त्यांनी रेती आणि विटांचा चुरा ओतला, फांदी खोचली आणि जाहीर केलं, "हिला काहीही करायचं नाही."

पण काहीही न करणं या माणसाला कुठलं जमायला! भल्या पहाटे घडीची खुर्ची टाकून ते काहीही न करायला बसायचे. माळ्याच्या हातात पाइप दिसला की खुर्चीवरून उठायचे. तो बिचारा सुट्टीवर गेला तेव्हा बदली माणसाने इमानदारीने चार दिवस पाणी घातलं, तर काकांनी त्याला बसवून मुळं कशी कुजतात ते समजावलं. दसऱ्याला पहिल्या मजल्यावरच्या मुलाने सोनं म्हणून पंधरा-वीस पानं ओरबाडली. त्याला मात्र काही बोलले नाहीत. बाजारात कांचनाची पानं आपटा म्हणून खपतात, मग ही का नकोत?

फुलं आल्यावर खरा जाच सुरू झाला. जांभळट गुलाबी, घशाशी गडद, आणि आयुष्य एका सकाळचं. दुपारी मान टाकतात. म्हणजे बघायला सातला जायचं. रविवारी अकराला उतरणाऱ्याशी काका बुधवारपर्यंत बोलत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने (वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष) फुलं बघता बघता सहज सांगितलं, "काका, ही ब्राझीलच्या किनाऱ्यावरही असते. मेक्सिकोतही. मादागास्करलासुद्धा." खुर्ची करकरली. काकू खिडकीत आल्या. काकांनी चष्मा पुसला, आणि मग जे बोलले ते ऐकून मला त्यांच्या कर्जविभागाचं यश कळलं. "हिचं बी महिनोन्‌महिने समुद्रात तरंगतं आणि तरी रुजतं. ही आपली आपण पोहत आलीय. कुण्या पोर्तुगीजाने गलबतात घालून आणलेली नाही. स्वतःच्या हिमतीवर आलेल्याला आपण परका म्हणत नाही." मुलीने मान डोलावली. मला अजूनही हा मुद्दा खोडता आलेला नाही, खोडायची घाईही नाही.

पावसाळ्यानंतर वेल भिंत संपवून स्कूटरींच्या चाकांत शिरली. कमिटीची नोटीस लागली: 'सदर वेल छाटून मर्यादित करावी.' काकांनी निमूटपणे छाटली. आम्हाला नवल वाटलं. संध्याकाळी दार वाजलं. प्रत्येक घराला दह्याचा एक रिकामा डबा, बुडाला भोकं, आत रेती आणि पेरासकट एक तुकडा. अध्यक्षांना दोन.

तेव्हापासून काका सकाळी फेरीवर असतात. दारात उभ्याउभ्या विचारपूस होते, मग बोट थेट डब्यात, दुसऱ्या पेरापर्यंत. रेती कोरडी लागली तर चहा घेतात. ओली लागली तर बोट आपल्याच पडद्याला पुसून शेजारची बेल दाबतात.