पाच दारांचा हॉल

अहो, ऐकलंत का? या जरा अशा कुंपणाकडं. मोठ्यानं नको बोलायला, त्यांच्या किचनची खिडकी इकडंच आहे. मास्तरीणबाईंचा सोफा गेला! हो, तोच. नांदेडहून टेंपोत आणलेला, गल्लीतल्या पोरांनी दाराची फळी काढून आत घातलेला. परवा अंधार पडल्यावर नेला, म्हणजे कुणी बघायला नको. पण मी तुळशीला दिवा लावायले होते ना...

त्यांचा हॉल तुम्हाला ठाऊकच आहे. औसा रोडच्या या आपल्या रो-हाऊसचं सगळ्यांचंच ते रडगाणं. 20 बाय 30 चा प्लॉट, दोन्हीकडं दुसऱ्याच्या भिंती. पुढून उजेड, मागून उजेड, आणि मधे जिथं जेवायचं तिथं भर दुपारीसुद्धा ट्यूब. त्यात वाटा किती? पाच! बाहेरचं दार, बेडरूमचं, किचनचं, बाथरूमच्या बोळीचं, आणि जिना उतरतो तो थेट मधोमध. अहो, आपल्या लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, तरी मधे जगदंबेला जागा आहे. इथं पाचच वाटा आणि देवीला जागा नाही. त्यावरूनच तर सगळं झालं.

तर काय सांगत होते, सोफा. दुकानदारानं विचारलं, लांब बाजू राइटला पाहिजे का लेफ्टला? या म्हणाल्या राइटला. पण राइट म्हणजे बसणाऱ्याची का समोर उभं राहणाऱ्याची, हे ना त्यानं विचारलं ना यांनी सांगितलं. घरी आला तर लांब बाजू नेमकी बेडरूमच्या दारावर. दार निम्मंच उघडायचं. त्यांचे मिस्टर, आपले सर, बिचारे आडवे होऊन आत जायचे. मी एकदा स्वतः बघितलं, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली आणि पोट आत ओढून... जाऊ द्या.

मग इंटिरियरवाला आला. त्यानं आधी छत खाली घेतलं, पीओपीचं. मुळात छत साडेनऊ फूट, त्यातला एक फूट त्यानंच खाल्ला. वर चौदा स्पॉटलाइट, सगळे पांढरेफटक, खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेलं. त्या उजेडात माणूस बसला की सलाइन लावल्यासारखा दिसतो हो! माझ्या भाचीनं पहिल्यांदा बघितलं तर हळूच विचारतेय, काकू, यांना बरं नाही का? मी तिला चिमटा काढला.

आणि डायनिंग टेबल आठ जणांचं. घरात माणसं चार. खोलीची रुंदी दहा फूट, टेबल साडेतीन फूट रुंद. खुर्ची ओढून माणूस बसायचा आणि त्याच्या मागून ताट घेऊन कुणी जायचं म्हणजे दोन्ही अंगांना तीन-तीन फूट तरी पाहिजेत. झाले साडेनऊ. वाटलं, बसलं की! पण जिन्याची पहिली पायरी दीड फूट आत आलीय, तिचा हिशेब कोण करणार? शेवटी टेबल भिंतीला लावलं. टेबल गेलं भिंतीला आणि त्याच्यासाठी टांगलेलं झुंबर राहिलं मधेच, खाली काही नाही. टेबलावर अडीच फूट उंचीला दिवा छान दिसतो, तेच माप. पण टेबलच नाही म्हटल्यावर तो येतो बरोबर माणसाच्या कपाळावर! उदगीरचे दीर आले होते, चांगले सहा फुटी. हात जोडून 'नमस्कार वहिनी' म्हणेपर्यंत ठण्णकन आवाज. मास्तरीणबाईंचा चेहरा असा पडला... दीर म्हणतात, असू द्या असू द्या, लागलं नाही. आणि टेंगूळ हे एवढं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर लाइटच गेली. इन्व्हर्टरवर चौदापैकी एकही स्पॉट घेतलेला नाही! उजेड कुठं, तर किचनच्या दारावरच्या जुन्या ट्यूबचा. आम्ही सगळ्याजणी नव्या सोफ्यावरून उठून त्या दारात गर्दी करून उभ्या, वाण हातात धरून. बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, 'जुनं ते सोनं.' मुद्दाम बोलल्या, मला ठाऊक आहे. स्वतःच्या घरी टीव्हीसमोर खिडकी ठेवलीय, दुपारची सीरियल बघताना स्वतःचंच तोंड दिसतं, ते नाही सांगितलं.

आता खरी गंमत ऐका. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या आणि सरांच्या मावशी किल्लारीहून आल्या. नव्या किल्लारीहून. त्यांचा जुना वाडा 30 सप्टेंबर 93 च्या पहाटे भूकंपात गेला. त्या साली महालक्ष्म्या उठून आठवडाच झाला होता, आणि आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक दमून निजले होते. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर माळवदाचा बोजा... त्यावर मावशी जास्त बोलत नाहीत, आपणही नको.

पण पुनर्वसनात घर मिळालं 450 फुटांचं. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना आणि भूमिहीनांना 250, सात हेक्टरपर्यंत 450, त्याच्या वर 750, असा तो हिशेब होता. वाड्यात ढेलज, चौक, सोपा, धान्याला बळद. दारंही अशी की रस्त्यावरच्या माणसाला आतली चूल दिसायची नाही. आणि इथं सरळ ओळीत घरं, दार उघडलं की रस्ता. जात्यापासून ट्रंकेपर्यंत सगळं त्या दोन खोल्यांत बसवता बसवता मावशींना जे कळलं ते कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत हो. पुढं पत्र्याची पडवी काढली, आडोसा केला, मग कुठं घराला घरपण.

तर मावशी आत आल्या, चपला काढल्या, उभ्याच. म्हणाल्या, 'सूनबाई, लक्षुम्या कुठं उभ्या करायलीस?' मास्तरीणबाई सोफ्याकडं बघतात, झुंबराकडं बघतात, सरांकडं बघतात. सर पेपरात. 'मावशी, यंदा बेडरूममध्ये करावं म्हणते.' बाप रे! मावशींनी काही म्हटलं नाही, नुसतं पदराचं टोक खोचलं. मी डब्यात मुरमुऱ्यांचा सुशीला द्यायला गेले होते ना, म्हणून समोरच होते. डबा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सामान अंगणात! तुम्ही गावाला होतात नाही का... मावशींनी रांगोळीची वाटी घेतली आणि फरशीवर रेघा ओढल्या. बाहेरच्या दारापासून किचन, किचनपासून जिना, बेडरूमपासून बाथरूम. माणूस जसा चालतो तशा, आणि दोन माणसं चुकवून जातील एवढ्या रुंद. 'ह्या वाटा. ह्याच्यावर मोडकं स्टूलबी नको. उरली ती जागा तुझी.' उरलेल्या जागेत पेपर पसरले, सोफ्याच्या मापाचे, टेबलाच्या मापाचे, आणि घरातल्या सगळ्यांना दिवसभर त्याच्या कडेकडेनं चालायला लावलं. संध्याकाळी सोफ्याचा पेपर पार फाटला होता. सर म्हणाले, 'बघा, मी म्हणत होतो.' कधी म्हणत होते देव जाणे.

जिन्याखाली इंटिरियरवाल्यानं काचेचं क्रॉकरी युनिट काढायला सांगितलं होतं. तिथं यांचे निळे ड्रम! आता लातूरच्या बाईला ड्रम टाका म्हणायचं? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून कुणाची छाती आहे ड्रम टाकायची? मावशींनी ड्रम तिथंच ठेवले, पुढं जुन्या इरकलीचा पडदा सोडला. कपबशा आपल्या किचनात.

उजेडाचं तर ऐकाच. इलेक्ट्रिशियन आला, त्याला मावशी विचारतात, 'बाबा, छताला वाचायचं असतंय का काही?' तो गप. मग अर्धे स्पॉट बंद केले, उरलेल्यांना पिवळसर बल्ब. 3000 केल्विनचे आणा म्हणून सरांनी सांगितलं, तेवढं मात्र त्यांचं खरं. सोफ्याच्या जागी ठेवलेल्या दिवाणाशेजारी भिंतीवर एक दिवा, बसल्या माणसाच्या खांद्याला येईल असा. वाड्यात कोनाडा असायचा ना, त्याच उंचीला. टेबलाजवळचा एक पॉइंट इन्व्हर्टरवर. आणि जिन्याच्या माथ्यावरचा एक पत्रा काढून तिथं पारदर्शक शीट. माळवदाला साणं असायचं बघा, उजेड आत घ्यायला आणि धूर जायला, तसंच. आता दहा-अकराला डायनिंगच्या कोपऱ्यात असं ऊन उतरतं, मी स्वतः तिथं बसून मेथी निवडून आले. ट्यूब न लावता!

महालक्ष्म्या हॉलमध्येच उभ्या राहिल्या, झुंबराच्या बरोबर खाली. म्हणजे झुंबरालाही काम मिळालं. फुलोरा त्याच्याच हुकाला बांधला. सवाष्णी पंगतीला खाली, पाटावर. 16 भाज्या, आंबील, पुरणपोळी, आणि वाढणारीला मागून जायला वाट. बँकेतल्या वहिनी दोनदा म्हणाल्या, 'हॉल मोठा केलात का?' मास्तरीणबाईंनी नुसतं हसून तुपाची धार सोडली. मी समोरच बसले होते, चेहरा बघण्यासारखा होता. वहिनींचा म्हणते मी.

टेबल? ते विकलं. नीटच्या रिपीटर पोरांची मेस आहे ना कोपऱ्यावर, त्यांनी घेतलं. निम्म्याहून कमी भावात, पण मास्तरीणबाई सगळीकडं 'निम्म्यात गेलं' असं सांगायल्यात. घरात आता चौघांचं गोल टेबल, ते पंगतीच्या वेळी फळी पाडून भिंतीला लागतं.

अहो, मुख्य ते राहिलंच! तो सोफा घेतला कुणी ठाऊक आहे का? त्यांच्याच जाऊबाईंनी, परत नांदेडला! गुरुद्वाऱ्याकडच्या गल्लीत घर आहे त्यांचं, पुढची खोली सात फुटांची. सोफा फुकटात पडला म्हणून काल फोनवर केवढ्या खूश... मापाचं कुणी काढलंच नाही. मीही नाही काढलं, आपण कशाला मधे? फक्त एवढं विचारलं, दार आत उघडतं का बाहेर? तर म्हणाल्या, 'आत. का हो?'