विसावा माणूस ठेवू नका: नव्या मालकांसाठी कामगार कायदा

अभिनंदन! अंजनवेलात गोपाळगडाच्या वाटेवर होम-स्टे काढलात, खाली खानावळ, मागे कलमांची बाग, आणि वेलदूरच्या बंदरात भावाबरोबर निम्म्या भागीत एक लाँच. म्हणजे तुम्ही आता मालक झालात आणि देशाचा कामगार कायदा तुमच्या मागे लागला. (तुमच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या गड्यांबद्दलही वाटलं असतं, पण हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी नाही.) घाबरू नका. कायदा बदलला की त्याच्या मागे धावावं लागतं, ही शहरातली अफवा आहे. अंजनवेलात बसल्या जागी अद्ययावत राहता येतं. पायऱ्या क्रमाने करा, उड्या मारू नका.

1. बातमी मुरू द्या. केंद्राने जुने 29 कायदे गुंडाळून चार संहिता केल्या. वेतनाची 2019 मध्ये मंजूर झाली, बाकी तीन 2020 मध्ये, आणि चारही लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 ला. मधल्या पाच वर्षांत ज्यांनी पुस्तकं आणली, चिपळूणला जाऊन व्याख्यानं ऐकली, बिस्किटं खाल्ली, ते आणि ज्यांनी यातलं काहीच केलं नाही ते, 20 नोव्हेंबरच्या रात्री अगदी सारखेच तयार होते. अंजनवेलकराला हे वेगळं शिकवायला नको. एन्रॉनची दाभोळ वीज कंपनी 2001 मध्ये बंद पडली, 2005 मध्ये 'रत्नागिरी गॅस' हे नाव घेऊन उभी राहिली, पुढे गॅसचं टर्मिनल वेगळं होऊन त्याला तिसरं नाव मिळालं. गाव अजून रिक्षावाल्याला 'एन्रॉनला सोड' म्हणतं आणि बरोबर जागी उतरतं.

2. व्हॉट्सॲपवर एखाद्या मालकांच्या ग्रुपात शिरा. तिथे रोज एक पीडीएफ येते. ती उघडायची नसते. खाली हात जोडलेलं चिन्ह टाकायचं आणि पुढच्या ग्रुपात ढकलायची. ज्या पीडीएफच्या डोक्यावर 'अत्यंत महत्त्वाचे' असेल ती दोनदा ढकला.

3. आता माणसं मोजा. ही खरी विद्या, इथे वेळ द्या.

पगार, तास, रजा वगैरे कलमं मागाहून वाचली तरी चालतील. आधी हे बघायचं की कुठला कायदा कितव्या माणसाला जागा होतो. दहा माणसं झाली की ग्रॅच्युइटी, ईएसआय आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की प्रॉव्हिडंट फंड आणि तक्रार निवारण समिती. ठेकेदाराकडची माणसं असतील तर 1970 च्या कायद्याला 20 पुरायची, नव्या संहितेला 50 लागतात. म्हणून नऊ, एकोणीस आणि एकोणपन्नास हे आकडे मालकाला शुभ आहेत. देवघरात लिहून ठेवा.

आणि आता मौज बघा. तुम्ही काही न करता हे आकडे वर सरकतात. राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा दहा माणसांना लागू होता, 2025 मध्ये ती मर्यादा वीसवर नेली. काल चौदा माणसांची तुमची खानावळ नोंदणी, रजा, ओव्हरटाइम या सगळ्याच्या जाळ्यात होती. आज तीच खानावळ, तीच चौदा माणसं, सोलकढीचा तोच टोप, आणि तुमच्यापाशी एवढंच उरलं की ऑनलाइन एक सूचना पाठवायची.

मोठ्या कारखान्यांची गंमत तर याहून जुनी. माणसं कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी घ्या, हे कलम 1976 मध्ये आलं तेव्हा ते 300 कामगारांच्या कारखान्यांना होतं. 1982 च्या दुरुस्तीने ते 100 वर आणलं. नव्या संहितेने पुन्हा 300. म्हणजे 1976 मध्ये ओटीवरच्या झोपाळ्यावर डोळा लागलेला मालक 2025 च्या नोव्हेंबरात उठला असता, तर जिल्ह्यातला सगळ्यात अद्ययावत माणूस तोच ठरला असता. मधे जागे राहून वाचत बसलेल्यांचे चष्मे तेवढे वाढले.

मोजायचं कसं? त्यासाठी हजेरीची वही ठेवा. दोनशे पानी, गल्ल्याखालच्या खणात, पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाची बोटं. आत नावं अशी: बाळ्या, मोठा बाळ्या, काकू, काकूची सून, नेपाळी 1, नेपाळी 2. काकू पहाटे पाचला चूल पेटवतात आणि रात्री शेवटचं ताट धुऊन जातात, पण त्या 'घरच्याच', तेव्हा मोजू नका. सून काकूंच्या मदतीला येते, म्हणजे तीही घरचीच. मोठा बाळ्या लांबचा पुतण्या लागतो. कोकणात नातं शोधायला बसलं की विसातले अकरा गडी पुतणे निघतात. लाँचवरच्या खलाशांना उचल दिलीत आणि मासळीचा हिशोब वाट्याने केलात, तर ते कामगार की भागीदार हे वकील ठरवतील. वकील ठरवेपर्यंत 1 जून उजाडतो, मासेमारीला बंदी लागते आणि खलाशी गावी जातात.

4. नेपाळी 1 आणि नेपाळी 2 यांच्याबद्दल निश्चिंत असा. नव्या संहितेत आंतरराज्य स्थलांतरित कामगाराची व्याख्या मोठी केली आहे. आता ठेकेदाराने आणलेलाच नव्हे, तर एका राज्यातून आपणहून दुसऱ्या राज्यात कामाला आलेलाही त्यात बसतो. फार उदार व्याख्या आहे. पण तुमच्या कलमांना फवारणी करणारा, मोहोर राखणारा, पेटी भरणारा आणि दिवसभर माकडांमागे पळणारा माणूस कुठल्या राज्यातून आलेलाच नाही, तो देशातून आला आहे. हापूसची पेटी वाशीला गेली की तिच्यावर नाव तुमचं.

5. नेमणूकपत्र आता सगळ्यांना द्यावं लागतं. द्या. हात आखडू नका. हुद्दा भारदस्त लिहा: ताटं उचलणारा 'अतिथी सेवा सहायक', विहिरीवरचा पंप लावणारा 'जल व्यवस्थापक'. पगाराच्या रकान्यात 'नियमाप्रमाणे' एवढंच लिहा. किमान वेतनातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, तो कुठे दर वेळी खोडत बसणार? 'नियमाप्रमाणे' लिहिलं की नियम बदलला तरी कागद शिळा होत नाही. पत्राची प्रत गड्याला देऊन टाका, मात्र 'हरवशील, माझ्याकडेच राहू दे' असं मायेने म्हणून परत घ्या.

6. तासांच्या बाबतीत थोडा इतिहास माहीत असू द्या, पाहुण्यांसमोर बोलायला बरा पडतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. त्या गिरण्यांत रत्नागिरीकडची माणसं भरलेली होती, तेव्हा त्यातला एखादा अंगठा मोठ्या बाळ्याच्या खापरपणजोबाचा असायला हरकत नाही. खुद्द मोठ्या बाळ्याला रविवार देता येत नाही, कारण पुण्या-मुंबईचे पाहुणे शनिवार-रविवारीच येतात. त्याला मंगळवार द्या. मंगळवारी टाक्या धुवायच्या असतात, तेवढंच काम.

आठवड्याचे 54 तास 48 वर आले ते कारखाना कायद्याच्या 1946 च्या दुरुस्तीने. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणारे डॉ. आंबेडकर आपल्याच जिल्ह्यातले, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. अभिमान बाळगा. जयंतीला फोटोला हार घाला. 2025 मध्ये राज्याने दुकानांसाठी दिवसाचे 9 तास 10 केले, आठवड्याचे 48 तसेच ठेवले, आणि वरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर आहे. हे सगळं सांभाळायचा एकच उपाय अनुभवी मालक सांगतात: घड्याळ स्वागतकक्षात लावायचं, स्वयंपाकघरात लावायचं नाही.

7. सणाच्या सुट्ट्या. राज्याच्या कायद्यात भरपगारी आठ: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि उरलेले चार दिवस मालक-कामगारांनी आपसात ठरवायचे. मुंबईत बसून लिहिलेलं हे कलम फार गोड आहे. इथे ठरवणारे दोघेच: गणपती आणि शिमग्याची पालखी. गडी श्रावणात एकदा उंबऱ्यावर येतो, 'शेट, गणपतीला जातो हां' म्हणतो, आणि गौरी जाऊन पाच दिवस झाले तरी त्याचा फोन लागत नाही. तुम्ही रागवायला जाल तर तुमचाच गणपती घरात बसलेला असतो आणि खानावळीला तुम्हीच कुलूप लावलेलं असतं. अंजनवेलमध्ये दोन्ही बाजूंनी पाळला जाणारा हा एकमेव कामगार कायदा. त्याची अधिसूचना कालनिर्णयात निघते.

8. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला आता पाच वर्षं न थांबता एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू होते. सुधारणा स्तुत्य आहे. करार अकरा महिन्यांचा करा. बाराव्या महिन्यात गडी शिमग्याला जाईल, परत आला की नवा करार, नवा हुद्दा.

9. अधिकारी आला तर? पूर्वी तो निरीक्षक होता, आता निरीक्षकही आहे आणि सुविधाकारही. त्याने मदत करायची आहे, तुम्ही ती घ्यायची आहे. सुरमईची तळलेली तुकडी पुढे करा, वही करू नका.

10. शेवटी तो दिवस येतोच. धंदा वाढतो, हंगाम भरात येतो आणि दाभोळहून फेरीबोटीने एक आचारी येतो. माशाचं कालवण असं करतो की पाहुणे बिल बघत नाहीत. नातं शोधून संपलेलं असतं, पुतणे संपलेले असतात, आणि हा नेमका विसावा असतो. अशा वेळी नवखा मालक माणूस सोडतो. तुम्ही सोडू नका. वहिनींच्या नावाने दुसरा धंदा काढा. चूल तीच, विहीर तीच, जेवणाचं दालनही तेच, फक्त मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे दहा माणसं 'समुद्रदर्शन'ची, पलीकडे दहा 'सागरदर्शन'ची. आचाऱ्याला पडद्याखाली उभा करा.

दोन्ही पाट्या मात्र मराठीत, देवनागरीत आणि ठळक करा. 2022 च्या दुरुस्तीपासून ते सगळ्या दुकानांना बंधनकारक आहे, मग माणसं कितीही असोत, आणि हा एकच कायदा रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो. रंगारी एकच सांगा. दोन पाट्या एकदम दिल्या तर दर कमी लावतो.