खुनी सांगू नका!

तात्यांच्या घरात आठवड्याला सरासरी दोन खून पडतात आणि शनिवारी ते वाचनालयात परत करावे लागतात.

माणूस तसा मुंगीलाही वाट देणारा. उभा जन्म बँकेत लेजरं जुळवण्यात गेला. पाच पैशांचा फरक राहिला तरी घरी जायचा नाही. निवृत्तीनंतर तीच चिकाटी आता प्रेताभोवती खर्च होते. नवं पुस्तक आलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर, कारण मुखपृष्ठाचा चित्रकार कधी कधी नको तेवढं बोलून जातो. मग लाइट बिलाच्या मागे संशयितांचा तक्ता : नाव, हेतू, संधी आणि शेरा. शेऱ्यात ‘फारच गोड बोलतो’ किंवा ‘काकूला मृत्युपत्राची एवढी माहिती कशी?’ असं काहीबाही. पुस्तक निम्मं झालं की खुन्याचं नाव चिठोऱ्यावर लिहायचं, भाताच्या शितानं ते चिकटवायचं आणि कॅलेंडरच्या मागे खोचायचं. उघडायचं ते शेवटचं प्रकरण संपल्यावरच.

घराणं अर्नाळकरी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या तरी आपण पांघरुणात बॅटरी लावून वाचल्या, असं तात्या सांगतात. बाबूरावांचं चष्म्याचं दुकान होतं हे त्यांना फार पुढे कळलं. ‘‘म्हणजे डोळे बिघडवायची सोयही त्यांचीच!’’ हे सांगताना स्वतःचा जाड भिंगाचा चष्मा ते पदक दाखवावं तसा काढून दाखवतात. बाबूरावांच्या झुंझार आणि काळा पहाड या नायकांनंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले आणि सगळ्यांत शेवटी अ‍ॅगाथा क्रिस्टीबाई आल्या त्या मुक्कामालाच.

तात्यांना खून चालतो, लबाडी चालत नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको, डिटेक्टिव्हनं स्वतः गुन्हा करायचा नाही, जुळा भाऊ आयत्या वेळी आणायचा नाही. तात्यांना ते बँकेच्या सर्क्युलरसारखे पाठ आहेत. एका लेखकानं शेवटच्या प्रकरणात जुळा भाऊ काढला, तेव्हा वाचनालयाच्या पुस्तकात समासात पेन्सिलीनं ‘हरकत!’ असं लिहून खाली सही केली होती. तारखेसकट.

घरात मात्र त्यांना खरी धास्ती काकूंची. काकू शेवटचं प्रकरण आधी वाचतात. ‘‘कोणी मारलं ते एकदा कळलं की जिवाला घोर नाही, मग निवांत वाचता येतं,’’ हे त्यांचं शास्त्र. तात्यांच्या लेखी हा घटस्फोटाचा मुद्दा. पण काकूंना त्यातली सत्ता बरोबर कळलेली आहे. ‘‘दळण आणताय, की नाव सांगू?’’ एवढं त्या स्वयंपाकघरातून म्हणतात. तात्या पायांत चपला सरकवतात. गॅसचा नंबर लावणं, माळ्यावरची भांडी काढणं, मेहुणीच्या घरी गोड चेहऱ्यानं जाणं, ही सगळी कामं त्या घरात क्रिस्टीबाईंच्या जिवावर होतात.

आता खरी गंमत. चिठोऱ्यावरचं नाव बरोबर निघालं, तर तात्या खूश होतील असं आपल्याला वाटतं. छे! चेहरा पडतो. ‘‘दम नाही. साठाव्या पानावरच कळलं,’’ म्हणून पुस्तक बाजूला. आणि नाव चुकलं की स्वारी घरभर येरझारा घालते, चहा पुन्हा मागते. ‘‘काय फसवलंय बाईनं! सगळं डोळ्यांसमोर ठेवलं होतं हो!’’ 1926 साली आलेली क्रिस्टीबाईंची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी त्यांनी पहिल्यांदा संपवली, तेव्हा रात्रभर झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात. यावेळी खुनी माहीत होता. शोधायचं होतं ते एवढंच, की आपला खिसा नेमका कोणत्या ओळीत कापला गेला. आणि एकही वाक्य खोटं सापडेना! ती कादंबरी आता पाठ होत आली असेल, तरी दर पावसाळ्यात निघतेच. जन्मभर एकाही खातेदाराला फसवू न दिलेला हा माणूस. त्याला फसायची हौस आहे, पण रीतसर, नियमांत बसवून.

त्या कादंबरीचा शेवट काय, ते मी इथे लिहीत नाही. तात्या हा अंक वाचतात.

लंडनमध्ये ‘माउसट्रॅप’ हे क्रिस्टीबाईंचंच नाटक 1952 साली लागलं. पडदा पडल्यावर नट प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आपल्याकडे वाचनालयाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ‘खुनी : डॉक्टर’ असं लिहून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांना हात जोडून विनंती : खोडरबर घेऊन या. आणि तात्यांना जुनं पुस्तक भेट देणार असाल, तर शेवटचं पान शाबूत आहे ना, तेवढं बघून द्या.