काकांचं मन वाचण्यास नम्र नकार

तीर्थरूप समस्त काका, मामा आणि सोसायटीचे सन्माननीय सेक्रेटरी यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली पुतणी टी.वाय.बी.ए.ला सायकॉलॉजी घेऊन बसल्याची बातमी पसरल्यापासून तिच्यामागे कामांची रीघ लागली आहे. सूनबाई गप्प गप्प असतात, जरा आतलं काढून घे. भाडेकरू विचित्र वाटतो, नजर ठेव. शिवाय प्रत्येक बारशा-मुंजीत ठरलेला सवाल: "सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पानं कधी मांडणार, एवढंच चाललेलं असतं. ते ओळखायला पदवी लागत नाही.

तरी वडीलधाऱ्यांचा मान राखून निदान सादर. काका, तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात. लोकांसाठी खस्ता खाता, त्याचं चीज होत नाही. पटलं ना? पटणारच. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. मुलांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद मिळाला होता आणि त्यातला मजकूर भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. हा प्रयोग शिकलेल्या मुलीला मन वाचायला सांगणं म्हणजे भेसळ पकडणाऱ्या इन्स्पेक्टरकडेच पाणी घातलेलं दूध मागणं.

तिच्या खोलीत फ्रॉइडचा कोच शोधायला कुणी डोकावू नये. तिथे कॅल्क्युलेटर आहे. "गणित झेपत नाही म्हणून आर्ट्सला गेली" हे आपलं मत तिच्या संख्याशास्त्राच्या पेपराला अद्याप कळलेलं नाही. तो प्रमाण विचलन आणि सहसंबंध विचारतच राहतो.

प्रॅक्टिकलचीही तीच गत. म्यूलर-लायर यांनी १८८९ साली मांडलेल्या दोन रेषा: एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. रेषा समान, तरी दुसरी लांब दिसते. किती लांब, हे मिलिमीटरमध्ये मोजून जर्नलमध्ये लिहायचं. गंमत अशी की, पट्टी लावून खात्री केली तरी डोळा फसायचा थांबत नाही. "मी माणूस एका नजरेत ओळखतो" असं छातीठोक सांगणाऱ्या मामांनी हा प्रयोग एकदा अवश्य करावा.

आपली एक तक्रार मात्र खरी आहे. मुलगी हल्ली कशावरही "कशावरून?" विचारते. हा उद्धटपणा नसून अभ्यासक्रम आहे. या विषयाने स्वतःच्या पोथ्यांनाही सोडलेलं नाही. मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास संशोधकांनी पुन्हा करून पाहिले, त्याचा निकाल २०१५ साली आला: मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निष्कर्ष ठोस दिसले होते, दुसऱ्या खेपेला जेमतेम ३६ टक्क्यांत. त्याआधी २००८ साली सहा आघाडीच्या नियतकालिकांची झडती झाली, तर अभ्यासल्या गेलेल्या माणसांपैकी ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली. जगाची जेमतेम १२ टक्के वस्ती तिथे राहते. हीच अडचण ओळखून फार आधी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बसून बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली आणि १९४० साली त्यावर पुस्तक काढलं. फ्रान्समधल्या मुलांचा गज इथल्या मुलांना तसाच लावून चालणार नव्हता. एवढं वाचल्यावर "आजकालची पोरं बिघडलीत" या सिद्धान्ताला दोन भाच्यांचा पुरावा तिला कमी वाटतो, तर तिचं काय चुकलं?

आता कायद्याचं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याची आजवरची रूढ वाट अशी: बी.ए., एम.ए., त्यानंतर देखरेखीखाली रुग्ण पाहत केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ आणखी वेगळा, तो एम.बी.बी.एस. करून आलेला डॉक्टर. नोंदणीविना व्यवसाय केल्यास १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दंड काका भरतीलही, पण कैदेत कोण बसणार?

चेष्टा पुरे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. तेव्हा घरात कुणाची आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कुणी जेवणखाण टाकलं असेल, तर पुतणीला बारशात कोपऱ्यात घेऊ नये. टेलि-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फिरवावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडचा माणूस आडनावावरून नातं काढत बसत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

टी.वाय.च्या वर्गातर्फे

ता. क. स्मरणशक्तीच्या प्रॅक्टिकलसाठी पन्नाशीपुढचा एक स्वयंसेवक हवा आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाप्रमाणे अर्थहीन अक्षरं पाठ करायची आहेत. इच्छुकांनी चष्मा आणावा. संमतिपत्रावर सही घेतली जाईल. कंटाळा आल्यास मधेच उठून जाण्याचा हक्क अबाधित राहील. चहाची सोय नाही.