विनापरवाना सीमा ओलांडलेल्या हत्तींस खुले पत्र

स्थळ : लोंढा, तालुका खानापूर
प्रति : दांडेलीच्या रानातून दोडामार्गात उतरलेला हत्तींचा कळप
विषय : परदेशी प्राण्यांची आयात व विलगीकरण

प्राणिसंग्रहालयात येणारा परदेशी प्राणी आधी कागदावर येतो. तो दुर्मीळ असेल तर वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना लागतो. कराराच्या पहिल्या परिशिष्टातला असेल, तर उतरवून घेणाऱ्या देशाचा आयात परवानाही लागतो. त्यावर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची संमती, विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि मूळ देशातल्या सरकारी पशुवैद्याचा दाखला. साऱ्याच्या मुळाशी १८९८चा पशुधन आयात कायदा आहे. घोडे, गुरे, उंट, मेंढ्या यांच्या अंगाने साथ देशात शिरू नये म्हणून तो झाला. पेंग्विन त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

विमान उतरल्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांचे विलगीकरण असते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद येथे यासाठी केंद्राची पशु विलगीकरण सेवा आहे. पाहुण्याचे रक्त, विष्ठा, भूक सारे तपासले जाते आणि तोवर त्याला इतर जनावरांपासून दूर ठेवतात.

उदाहरण जवळचेच आहे. २६ जुलै २०१६ रोजी सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले. मुंबईकरांनी लगेच अंटार्क्टिकाचा बर्फ आठवला. हे पक्षी खरे तर पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. त्यांना गार केलेल्या विलगीकरण कक्षात ठेवले. कायमचे घर तयार होऊन लोकांना त्यांचे दर्शन घडेपर्यंत मार्च २०१७ उजाडला, म्हणजे ३० दिवसांचे सात महिने झाले. दरम्यान २३ ऑक्टोबरला त्यातली एक मादी जिवाणूसंसर्गाने मेली. नियमातली मुदत तेव्हा केव्हाच उलटली होती. ती मुदत मुख्यतः रोग बाहेरून आत येईल या धास्तीने मोजलेली आहे. आत आलेल्या जिवाला पुढे काय झेपेल, याचा हिशेब ३० दिवसांत बसत नाही. त्याच २०१७ साली बागेचे पाच रुपयांचे तिकीट पन्नासचे झाले, तो भाग मात्र वेळेवर पार पडला.

चित्त्यांचे विलगीकरण निघण्यापूर्वीच लांबले. दक्षिण आफ्रिकेतले बारा चित्ते जुलै २०२२पासून तिकडेच कुंपणात कागदांची वाट पाहत होते. मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात ते उतरले १८ फेब्रुवारी २०२३ला, आणि उतरल्यावर पुन्हा कुंपण.

या पार्श्वभूमीवर सदर कळपाचे वर्तन तपासावे लागते. २००२मध्ये कळपाने कर्नाटकची हद्द सोडून महाराष्ट्रात प्रवेश केला. दाखला नाही, रक्ततपासणी नाही, विलगीकरण नाही. लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉकला गोवा पोर्तुगीजांकडे असताना गोव्याच्या गाडीतल्या माणसांच्या पेट्या उघडून पाहत, तिथेही कळपाची नोंद नाही. हाच हत्ती पाळीव असता आणि ट्रकमधून निघाला असता, तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीविना चाक हलले नसते. पायी चालणाऱ्या हत्तीसाठी तशी खिडकी नाही. परिणामी दोडामार्गातल्या केळी-माडांची तपासणी कळप परस्पर करतो आणि पंचनामा मागाहून होतो.

असे करणारा कळप एकटा नाही. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत. तिथली रॉटनची वटवाघळे बरीच वर्षे जगात फक्त तिथलीच मानली जात. पुढे ती मेघालयात आणि थेट कंबोडियातही सापडली. त्यांना देशी म्हणायचे की परदेशी, याचा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

कळपातून फुटलेला ओंकार हा हत्ती सप्टेंबर २०२५मध्ये गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शिरला. अशा रीतीने तिसऱ्या राज्याची हद्दही विनाकागद ओलांडली गेली आहे.

प्रत माहितीसाठी : ओंकार, सीमेच्या ज्या बाजूला असेल तिथे.