जिओवर वाद घालायला शिका (एकोडी आवृत्ती)

साकोली-तुमसर रस्त्यावरच्या एकोडीत टपरीच्या बाकावर बसून जिओचं पुढचं धोरण ठरवायचं असेल, तर आधी वेळ बघा. रोवणीच्या दिवसांत तोंड उघडू नका. गुडघाभर चिखलातून आलेल्या माणसाला अंबानींच्या पुढच्या चालीत रस नसतो. धान कापून झालं, बांध्यांत पुंजणे उभे राहिले, धान खरेदीच्या आधारभूत केंद्रावर अजून नंबर लागायचा आहे आणि गावच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक परवा रात्री आहे, अशी फुरसत लागते.

साहित्य थोडंच. एक फोन आणि पन्नीत घासलेला सुपारी-तंबाखूचा एक खर्रा. (खर्ऱ्यावर बंदी आहे. नवशिक्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि पन्नी घासल्याचा आवाज कुठून येतो ते विचारू नये.)

सुरुवात जिओ आली त्या दिवसापासून, ५ सप्टेंबर २०१६ पासून करायची. "फुकट होतं तवा..." एवढंच म्हणा आणि थांबा, पुढचं बाक बोलेल. कोणी सिमसाठी किती वेळ रांगेत उभं होतं, कोणी एका आधारावर किती सिम काढले, सगळं निघेल. त्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजून आपण ती महिनाभर पुरवायचो, हेही कोणीतरी सांगेल. ३१ मार्च २०१७ पर्यंतचं फुकटाचं राज्य संपलं की नवशिका हमखास घसरतो. तो म्हणतो, कंपनीनं गरिबांसाठी केलं. असं बोललात की कोपऱ्यातला हार्वेस्टरवाला भाऊ थुंकून तोंड रिकामं करेल.

"पयल्या वर्षी मीबी एकरी स्वस्तच काढून देलो होतो ना भाऊ. मजूर कापनीले याचे बंद झाले, मंग भाव सांगतलो."

यावर वाद घालू नका. एअरसेल बुडाली, टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाले, ही नावं तेवढी पुरवा. धोरण त्यानं एका वाक्यात सांगून टाकलेलं आहे.

मोठे आकडे जपून वापरा. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकनं ४३,५७४ कोटी देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला आणि जुलैत गुगलनं ३३,७३७ कोटींत ७.७३ टक्के. हे फेकलंत की दोन सेकंद शांतता मिळेल, मग कोणीतरी विचारेल, "पुरे दहा कायले नाई घेतले?" याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. म्हणून कोटींच्या भानगडीत न पडता हिशेब धानात करावा. या एका युक्तीवर मी तीन हिवाळे निभावले आहेत.

तो असा. जुलै २०२४ मध्ये २३९ चा पॅक २९९ चा झाला. रोज दीड जीबी, २८ दिवस. आता २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. (तीस दिवसांचा निदान एक तरी पॅक ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायला जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं. पंचांगात ज्या अधिक महिन्याला जवळपास तीन वर्षं लागतात, तो इथं दरवर्षी.) तेरा गुणिले २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० होता. भागा. एका फोनमागे एक क्विंटल ६९ किलो धान! घरात चार फोन असतील तर पोत्यांचा ढीग डोळ्यांपुढे उभा राहतो आणि बाकावरचे सगळे आपापल्या घरातले फोन मोजू लागतात. इतका परिणाम फेसबुकच्या कोटींनी कधी साधलेला नाही.

जिओच्या बाजूनं बोलायची पाळी आली तर ई-पीक पाहणी काढा. बांधीत उभं राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये टाकावा लागतो, तो काही पोस्टकार्डावर जात नाही. डेटा स्वस्त झाला नसता तर हे ॲप कोणासाठी काढलं असतं, असं ठासून विचारा. मला स्वतःला हा मुद्दा पटतो. पण फोटो टाकताना सर्कल फिरत राहिलेलं प्रत्येकानं पाहिलेलं असतं, तेव्हा आवाज फार चढवू नये.

जिओफोनचा विषय आलाच तर लवकर आटपा. २०१७ चा तो १,५०० रुपये अनामत घेऊन मिळणारा 'फुकट' फोन. तीन वर्षांनी पैसे परत, अटी लागू. अनामत या शब्दावर आमच्याकडे सोसायटीपासून पतसंस्थेपर्यंत इतक्या आठवणी आहेत, की जिओ बाजूला राहते.

आणि एका माणसापासून सावध राहा. बाकाच्या टोकाला एक बुवा बसतात. बटनाचा फोन, रबर लावून बांधलेला. ते तासभर काहीच बोलत नाहीत. सगळे दमले की विचारतात, "मले नेट नाई पायजे. पोराचा फोन याले पायजे फकत. त्याचं काई हाय का?"

नवशिक्याला इथं वाटतं, आपलं ज्ञान दाखवायची संधी आली. मलाही वाटलं होतं. मी ऐटीत सांगितलं, ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढला, नुसत्या बोलण्याचे आणि मेसेजचे पॅक ठेवावेच लागतात. जिओनं पुढच्या महिन्यात काढले, १,७४८ रुपये, ३३६ दिवस.

बुवांनी रबर काढला, फोनकडे पाहिलं, पुन्हा रबर लावला. बोटांच्या पेरांवर बराच वेळ काहीतरी मोजलं.

"साल तं तीनशे पासष्टाचा रायते ना?"

"हो."

"मंग एकोनतीस दिवस पोरगा कोठी फोन करन?"

हार्वेस्टरवाला आकाशाकडे बघायला लागला. टपरीवाल्यानं पन्नी घासायचं थांबवलं. मी शेवटी म्हटलं, धान चुरल्यावर बघू. बुवा म्हणाले, चुरनं झालं माझं, परवाच.